छंदांवर मीटर बसवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
छंदांची ॲप बनवणारे डिझायनर, प्रॉडक्ट मॅनेजर आणि त्यांचे वरिष्ठ यांस,

स. न. वि. वि.

डिसेंबर आला की तुमच्याकडून माझं प्रगतिपुस्तक येतं. मी मागितलेलं नसतं. वर्षभरात किती पानं वाचली, किती किलोमीटर चालले, कोणतं गाणं किती वेळा ऐकलं, परक्या भाषेचे किती धडे संपवले, आणि हे सगळं करताना जगातल्या किती टक्के लोकांच्या पुढे होते. रंगीत चौकटी, फटाके आणि शेवटी 'शेअर करा'. स्पॉटिफायने २०१६ साली 'रॅप्ड' आणलं तेव्हा ती वर्षअखेरीची एक गंमत होती. आता ध्यानाला बसवणारं ॲपसुद्धा कळवतं की या वर्षी आपण एकूण इतकी मिनिटं शांत होतात, अभिनंदन. ते वाचून उरलीसुरली शांतता जाते ती वेगळीच.

हे पत्र एका मागणीसाठी आहे. छंदाच्या ॲपमधले माझ्याबद्दलचे आकडे सुरुवातीला बंद असावेत. ज्याला हवेत त्याने ते चालू करावेत. आज नेमकं उलट आहे. सगळं चालू असतं आणि बंद करायचं बटण सेटिंगच्या तळाशी कुठल्यातरी कोपऱ्यात दडलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी तेही नसतं.

तुम्ही लगेच म्हणाल, ही बाई आकड्यांच्या विरोधात आहे. नाही हो. मोजण्यावाचून अडणारे छंद मला माहीत आहेत. विणणाऱ्याने टाके मोजले नाहीत तर स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा लांब होते. चल तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं ते, पाहणारे हौशी लोक शेजारच्या ताऱ्यांशी ताडून डोळ्यांच्या अंदाजाने तेजस्वितेचा आकडा लिहितात. अशा निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना १९११ पासून त्या नोंदी जमवते आहे आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्या वापरतात. पक्षीनिरीक्षकांचं ईबर्ड कॉर्नेलच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलं. त्यात आता एक अब्जाहून अधिक नोंदी आहेत, आणि स्थलांतराचे नकाशे त्यांच्यावरून काढले जातात. बुद्धिबळातलं रेटिंग अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवून दिलं, जागतिक संघटनेने ते १९७० मध्ये स्वीकारलं. दोन अनोळखी माणसांनी समोरासमोर बसावं तर बळ साधारण बरोबरीचं असावं, एवढ्यासाठी ते उपयोगी पडतंच.

पण हे आकडे छंदाच्या पोटातले आहेत. टाका, तारा, पक्षी, प्रतिस्पर्धी यांच्याबद्दलचे. तुमचे आकडे माझ्याबद्दलचे असतात: किती वेळा आले, किती दिवस सलग आले, ओळखीतल्या कोणाच्या पुढे आहे आणि कोणाच्या मागे. ईबर्डवरही सर्वाधिक पक्षी पाहणाऱ्यांच्या याद्या असतात, त्यावरून पक्षीमित्रांत रुसवेफुगवेही होतात. ती यादी उद्या काढून टाकली तरी पाहिलेल्या पक्ष्याची नोंद तितकीच मोलाची राहील. माझ्या 'सलग दिवसां'चा आकडा काढून टाकला तर मागे कोणाच्या उपयोगाचं काय उरतं, ते तुम्हीच सांगा. तुमच्या तिमाही अहवालातली एक रेघ थोडी खाली येईल, हे मला कळतं.

बरं, हे आकडे येतात तरी कुठून? चालण्याचंच घ्या. दिवसाला दहा हजार पावलं हे तुमच्या कित्येक ॲपमधलं आणि मनगटी पट्ट्यांमधलं मूळ लक्ष्य. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकनंतर व्यायामाची हवा होती. पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा घातला. लक्षात राहणारा, गोल, दिसायला छान. वैद्यकीय पुराव्यातून तो निघाला नव्हता. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा थांबला. म्हणजे साडेचार हजार पावलं चालून आलेल्या सत्तरीच्या बाईला खरं तर शाबासकी द्यायला हवी. तुमचा पट्टा तिला अर्धवट भरलेलं वर्तुळ दाखवतो.

तरी चालणं म्हणजे प्रकृतीची गोष्ट, तिथे आकड्याला काही जागा आहे. मला जास्त खुपतं ते चित्र काढणं, वाचणं, वाद्य वाजवणं अशा गोष्टींचं. त्यांच्यापासून काही 'फायदा' व्हावा अशी अपेक्षाच नसते. मी चित्रं काढते. वाईट काढते. माझ्या घोड्याला चार पाय असतात एवढंच त्याच्याबद्दल खात्रीने म्हणता येईल. या वयात एखादी गोष्ट वाईट करण्याची मुभा मला दुसरीकडे कुठेही नाही. कामावर नाही, घरात नाही, बँकेत तर नाहीच. चित्रकला शिकवणारं तुमच्यापैकी एकाचं ॲप मला दर रेखाटनाला तारे देऊ लागलं आणि थोड्याच दिवसांत मी घोडे सोडून फळं काढायला लागले. फळांना तारे जास्त मिळतात. गोल काढला की झालं.

यात नवीन काही नाही, आणि तुमच्या कचेरीतल्या मानसशास्त्र शिकलेल्या मंडळींना तर हे पाठ असेल. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते काढून झाल्यावर, काही न सांगता दिलं. बाकीच्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळेत रंगीत पेन पुन्हा मांडून ठेवले आणि काचेआडून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. बक्षीस वाईट नव्हतं, बोली वाईट होती.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बक्षीस देतो, आम्ही फक्त मोजतो. त्यावरही काम झालेलं आहे. जॉर्डन एटकिन यांनी २०१६ साली चित्र रंगवणं, चालणं, वाचणं अशाच गोष्टी घेऊन प्रयोग मांडले. मोजमाप दाखवलं की माणसं ती गोष्ट जास्त करतात. पण त्यातली मजा कमी होते, आणि मोजमाप काढून घेतलं की ती गोष्ट आपणहून करणंही घटतं. जास्त चित्रं रंगवली, कमी रमली. पहिला भाग तुमच्या आलेखात दिसतो. दुसरा दिसत नाही, कारण मजा कमी झाल्याचं कळवणारं बटण तुम्ही ठेवलेलं नाही.

आता स्ट्रीक. तिच्यासाठी मी थोडी जास्त जागा घेणार आहे.

कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे, पण कल्पना म्हणून ती हुशार आहे हे मान्य करते. रोज आलात तर आकडा एकने वाढतो, एक दिवस चुकलात तर शून्य. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की मिळवण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याची बोच माणसाला जास्त लागते. स्ट्रीक त्या बोचेवरच उभी आहे. पहिला आठवडा ती उत्साह देते. नंतर ती काही देत नाही, फक्त काढून घेण्याची धमकी देत राहते. रात्री बारा वाजायच्या आत अंथरुणातून उठून सगळ्यात सोपा, आधीच येत असलेला धडा दोन मिनिटांत उरकणाऱ्या माणसाला भाषा शिकायची असते की आकडा वाचवायचा असतो? उत्तर तुमच्याकडच्या माहितीत असणारच. मध्यरात्रीच्या आधीच्या पाऊण तासात कोणते धडे उघडले जातात ते एकदा पाहा आणि जमलं तर प्रसिद्ध करा.

त्यातही मला चीड येते ती औषधविक्रीची. आधी स्ट्रीक तुटण्याची भीती घालायची, मग ती गोठवून ठेवण्याची सोय नाण्यांना नाहीतर सशुल्क सदस्यत्वाला विकायची. माणूस आजारी पडतो, प्रवासात असतो, घरात कोणी गेलेलं असतं. त्या दिवशी फोनवर तुमचं रडवेलं कार्टून येतं, 'आमची आठवण येत नाही का?' त्या घरात त्या दिवशी कोणाची आठवण येत असेल, हा विचार तो मजकूर लिहिणाऱ्याला शिवला नसेल. अल्गोरिदमला शोक कळत नाही हे खरं. पण वाक्य माणसाने लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या माणसांनी ते मंजूर केलेलं असतं.

स्ट्रीक काढून टाकली तर आभाळ कोसळेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्याच बिरादरीतलं एक उदाहरण देते. गिटहब हे प्रोग्रॅमरांचं ठिकाण. तिथे प्रत्येकाच्या पानावर सलग किती दिवस काम केलं याचा आकडा झळकायचा. मे २०१६ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. संशोधकांना आयता प्रयोग मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: लांबलचक साखळ्या कमी झाल्या, शनिवार-रविवारचं काम घटलं, आणि दिवसभरात नावापुरतं एकच काम नोंदवण्याचे दिवसही कमी झाले. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. एका आकड्यासाठी किती जण सुट्टीच्या दिवशी नावापुरतं काहीतरी चिकटवत होते! गिटहब काही बंद पडलं नाही.

याउलट वर्डल आठवा. जॉश वॉर्डल यांनी ते आपल्या जोडीदारासाठी बनवलं आणि २०२१ च्या शरदात जगासाठी खुलं केलं. रोज एकच कोडं, सगळ्यांना तेच. दुसरं हवं असेल तर उद्या या. ना जाहिरात, ना बोलावणं. महासाथीने वैतागलेल्या दिवसांत लोकांना ते इतकं का आवडलं, याची बरीच कारणं दिली गेली. माझं मत विचाराल तर ते तुम्हाला जायला सांगायचं, म्हणून. जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतलं. नव्या पत्त्यावर नेताना काही खेळाडूंच्या सलग दिवसांचा आकडा शून्यावर आला, कारण स्ट्रीक मोजण्याचं खूळ त्यातही होतंच. लगेच तक्रारींचा पाऊस. कोडं जागेवर होतं, शब्द जागेवर होते, गेला होता तो फक्त आकडा.

वर्तमानपत्राचं नाव निघालंच आहे तर बातम्यांचा विषयही घेते. सकाळी फोन हातात घेतला की पहिल्या पडद्यावर युद्ध असतं, पूर असतो, कुठल्यातरी बाजाराची घसरण असते. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात ३९ टक्के लोकांनी सांगितलं की आपण कधीकधी किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतो. २०१७ मध्ये हे प्रमाण २९ टक्के होतं. मी टाळत नाही, पण टाळणाऱ्यांना नावंही ठेवत नाही. वाचून झाल्यावर माणसाला बसायला एक जागा लागते, जिथे कोणी काही मागत नाही. पूर्वी छंद ही ती जागा होती. आता त्याच पडद्यावर युद्धाच्या बातमीखाली, तसाच लाल ठिपका घेऊन, 'आज बासरीचा सराव राहिला!' अशी सूचना येते. दोन्हींना एकच आवाज, एकच थरथर. सूचनांच्या बाबतीत तरी माझा फोन जगबुडी आणि बासरी यांत भेद करत नाही.

दिवसभर आपण आकड्यांतच असतो. बॅटरी किती टक्के, सामान किती मिनिटांत दारात, कामाचं लक्ष्य किती पुरं झालं, गाडीवाल्याला किती तारे द्यायचे आणि त्याने आपल्याला किती दिले. तेवढं पुरे की.

तुमची बाजू मला माहीत आहे. लोकांनाच हे हवं असतं, तुम्ही म्हणता, आम्ही विचारून पाहिलंय. काहींना हवं असतं, हे मीही पाहते. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्या माणसाला कालच्यापेक्षा आज वीस पावलं जास्त झाली हे दिसलं तर तो आकडा त्याचा आधार असतो. सिगारेट सोडलेला माणूस दिवस मोजतो, ते योग्यच आहे. मैदानी धावपटूला सेकंद हवेतच. नवशिक्याला पहिले दोन आठवडे कोणीतरी पाठीवर थाप मारणारं लागतं. या सगळ्यांसाठी मीटर खुशाल असू द्या. पण दोन आठवड्यांनंतर ते स्वतःहून बाजूला व्हायला काय हरकत आहे? चांगला शिक्षक तेच करतो. आणि 'लोकांना हवं असतं' हे तुम्ही ठरवता कशावरून, तर आधीच चालू असलेली गोष्ट किती जणांनी बंद केली नाही यावरून. शोधूनही न सापडणारं बटण न दाबणं म्हणजे संमती, हा हिशेब मला तरी पटत नाही.

आणखी एक. सध्या सरकारं सोशल मीडियाच्या मागे लागली आहेत. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना तिथे खाती ठेवायला बंदी करणारा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्याआधी टिकटॉक लाइटने फ्रान्स आणि स्पेनमध्ये व्हिडिओ पाहण्यासाठी गुण आणि त्या गुणांवर बक्षिसं देणारी योजना आणली होती. युरोपियन आयोगाने व्यसनाच्या धोक्यावरून चौकशी सुरू केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला ती योजना युरोपीय संघात कायमची मागे घेण्याची हमी द्यावी लागली. तुमच्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. तुम्ही भाषा शिकवता, पुस्तकं वाचायला लावता, माणसांना चालवता. सज्जनांच्या रांगेत बसला आहात. गुण, नाणी, पातळ्या, रडवेली कार्टूनं ही हत्यारं मात्र बरीचशी तीच आहेत. उद्या कोणी दारावर येण्याआधी आपणहून आवराआवर केलीत तर तुमचीच शोभा राहील.

पहिली पावलं पडलेली आहेतच. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये लाइकचा आकडा लपवून पाहिला आणि २०२१ मध्ये तो लपवण्याचा पर्याय सगळ्यांना दिला. सगळ्यांसाठी मुळातच लपवायला ते धजावले नाहीत, तिथेच घोडं अडलं. लिचेस या विनामूल्य बुद्धिबळाच्या ठिकाणी रेटिंग न दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. गणित आत चालू राहतं, जोड्या बरोबरीच्या लागतात, तुम्हाला फक्त पट दिसतो. मी तसं खेळते. हरते पूर्वीइतकीच, पण हरल्यावर 'अजून एक डाव, गेलेले गुण परत मिळवू' म्हणून रात्री उशिरापर्यंत बसणं थांबलं.

तेव्हा करायचं ते फार अवघड नाही. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर एकच प्रश्न विचारा: 'तुमची मोजणी ठेवू का?' हो आणि नाही ही दोन्ही बटणं सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची असू द्या. नाही म्हटलं तर पुन्हा विचारू नका. ज्यांना स्ट्रीक हवी आहे त्यांना ती थांबवण्याची मुभा फुकट आणि कारण न विचारता द्या. इतरांशी तुलना तर दोन्ही बाजूंनी मागितल्याशिवाय नकोच. माझा पुतण्या किती धावला हे मला कळण्याचं काही कारण नाही आणि मी धावले नाही हे त्याला कळण्याचं तर मुळीच नाही. वर्षअखेरीचं प्रगतिपुस्तक मागणाऱ्याला द्या. आणि सोडून जायचं असेल तर माझ्या नोंदी, माझी चित्रं, माझे शब्द एका फाइलमध्ये बांधून हातात द्या, 'खरंच जाताय?' असं तीनदा न विचारता.

याने तुमचे रोजचे वापरकर्ते कमी होतील. होतील, उगाच खोटं कशाला बोला. जे उरतील ते चित्रासाठी, भाषेसाठी, चालण्यासाठी आलेले असतील, आणि त्यांच्यापैकी बरेच जण मंगळवारी येतील, मग थेट पुढच्या महिन्यात. अशा माणसाकडून तुम्ही पैसे कसे मिळवायचे हा प्रश्न खरा आहे. वर्षाची सरळ वर्गणी घ्या, मी देईन. तुमच्या गोठवलेल्या दिवसांसाठी मात्र एक दमडीही देणार नाही.

उत्तर पाठवणार असाल तर सूचना म्हणून पाठवू नका. त्या मी बंद केल्या आहेत. पत्त्याची अडचण नाही, माझा ईमेल तुमच्याकडे आहेच. दर आठवड्याला त्यावर 'तुम्ही कुठे हरवलात?' असं येतं. मी हरवलेली नाही. घोडा काढते आहे, मागचा डावा पाय अजून जमत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्या यादीत 'निष्क्रिय' म्हणून नोंदलेली एक वापरकर्ती